आपल्यातले २ टक्के निअँडरथल: आकडा नेमका कशाचा, आणि नर्मदेच्या कवटीतून डीएनए का मिळत नाही?

कातळशिल्प

मानवाच्या उत्क्रांतीवर मराठीत जे वाचायला मिळतं त्यात काही आकडे सतत येतात, आणि ते शेजारी शेजारी ठेवले की गोंधळ उडतो. चिंपांझीशी आपला डीएनए ९८.८ टक्के जुळतो. निअँडरथलशी, म्हणजे नामशेष झालेल्या आपल्या जवळच्या मानवी नातेवाइकांशी, ९९.८ टक्क्यांच्या आसपास जुळतो. आणि तरीही म्हणतात, 'आपल्यात २ टक्के निअँडरथल डीएनए आहे'. मग बाकीचे ९८ टक्के निअँडरथलशी जुळत नाहीत का?

दुसरं. ही हाडं चाळीस-पन्नास हजार वर्षांची. उत्खननात आणि संग्रहालयात ती कितीतरी जणांनी हाताळलेली. त्यातून निघालेला डीएनए निअँडरथलचाच आहे, हाताळणाऱ्याचा नाही, हे कशावरून ठरतं? 'स्वच्छ प्रयोगशाळा वापरतात' एवढ्यावर समाधान होत नाही. प्रत्यक्ष पायऱ्या कोणी सांगेल का?

तिसरं. मध्य प्रदेशातल्या हाथनोऱ्याची, प्राचीन मानवाची 'नर्मदा कवटी' १९८२ पासून आपल्याकडे आहे. सैबेरियात करंगळीच्या एका हाडावरून अख्खा नवा मानवसमूह, डेनिसोवन, ओळखला गेला. मग या कवटीचं कोडं अजून का सुटलं नाही?

---

अनुवंश

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. ही दोन वेगळी मापं आहेत.

पहिलं माप अक्षरं जुळण्याचं. दोन जीनोम (म्हणजे दोघांचे संपूर्ण डीएनए) समोरासमोर ठेवायचे आणि किती अक्षरं वेगळी निघतात ते मोजायचं. माणूस आणि चिंपांझी यांच्यात साधारण १.२ टक्के अक्षरं वेगळी, माणूस आणि निअँडरथल यांच्यात सुमारे ०.१५ टक्के, आज जिवंत असलेल्या कुठल्याही दोन माणसांमध्ये ०.१ टक्के. (यात फक्त एकेका अक्षराचे बदल धरले आहेत. गळालेले आणि जास्तीचे तुकडे धरले तर चिंपांझीशी असलेला फरक बराच वाढतो.) या मापाने पाहिलं तर आपण सगळेच एकमेकांना चिकटून बसलेलो आहोत.

दुसरं माप वंशाचं. तुमच्या जीनोमच्या एका प्रतीत सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. त्यातलं प्रत्येक अक्षर कुठल्या ना कुठल्या पूर्वजाकडून आलेलं आहे. ५०,००० वर्षांपूर्वीपर्यंत मागे गेलात, तर त्यातल्या साधारण ६ कोटी अक्षरांचा माग निअँडरथल आईबापांपर्यंत जातो. हे २ टक्के. उरलेल्या ९८ टक्के भागाचा माग त्या काळातल्या आपल्यासारख्या माणसांपर्यंत जातो. पण ती माणसं आणि निअँडरथल यांचे पूर्वज त्याआधी पाच-सहा लाख वर्षांपूर्वी एकच असल्यामुळे तो ९८ टक्के भागही निअँडरथलशी जवळजवळ पूर्ण जुळतो. विरोधाभास काहीच नाही.

आता यातला खरा कस लागणारा प्रश्न. एखादा तुकडा निअँडरथलशी जुळतोय, पण तो संकरातून आला की दोघांच्या सामाईक पूर्वजाकडून दोघांनाही मिळाला? हे ठरतं तुकड्याच्या लांबीवर. प्रत्येक पिढीत शुक्रपेशी आणि अंडपेशी तयार होताना आईकडच्या आणि वडिलांकडच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते, आणि तुकडे लहान होत जातात. दर पिढीला सरासरी १० कोटी अक्षरांमागे एक काप. संकर ४७,००० वर्षांपूर्वीचा धरला आणि पिढी २८ वर्षांची धरली तर सुमारे १,७०० पिढ्या होतात. १० कोटी भागिले १,७०० म्हणजे तुकड्याची सरासरी लांबी साधारण ६०,००० अक्षरं. तोच तुकडा साडेपाच लाख वर्षांपूर्वीच्या सामाईक पूर्वजाकडून आला असता, तर आपल्याकडच्या आणि निअँडरथलच्या अशा दोन्ही फांद्यांवर मिळून पस्तीस हजारांहून जास्त पिढ्यांचे काप बसले असते आणि सलग जुळणारा भाग सरासरी तीनेक हजार अक्षरांचाच उरला असता. वीसपट फरक आहे. म्हणून लांब तुकडे संकराची साक्ष देतात.

याच हिशोबाने वेळही काढता येते. रोमानियातल्या ओआसे गुहेतला सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचा माणूस घ्या. त्याच्यात ६ ते ९ टक्के निअँडरथल भाग आहे, आणि तुकडे इतके लांब की त्याचा निअँडरथल पूर्वज फक्त चार ते सहा पिढ्या मागचा असला पाहिजे. म्हणजे खापरपणजोबाच्या अलीकडे-पलीकडे.

दुसरी कसोटी मोजणीची, आणि २०१० साली निअँडरथल जीनोमचा पहिला मसुदा आला तेव्हा हीच वापरली गेली. चार जीनोम घ्या: एक पश्चिम आफ्रिकेतल्या माणसाचा, एक युरोप किंवा आशियातल्या माणसाचा, एक निअँडरथलचा, एक चिंपांझीचा. चिंपांझीचं अक्षर मूळ मानायचं. निअँडरथलकडे नवं अक्षर आहे अशा जागांवर ते नवं अक्षर आफ्रिकी माणसाशी किती वेळा जुळतं आणि आशियाई माणसाशी किती वेळा, ते मोजायचं. संकर झालाच नसेल तर दोन्ही संख्या सारख्या यायला हव्यात. त्या सारख्या आल्या नाहीत. आफ्रिकेबाहेरच्या माणसांकडे पारडं झुकलं, आणि हे फ्रेंच, चिनी व पापुआ न्यू गिनी अशा तिन्ही नमुन्यांत घडलं. त्यावरून संकर या लोकसंख्या फुटण्याआधी, बहुधा पश्चिम आशियात झाला असा निष्कर्ष निघाला.

एक गोष्ट बातम्यांमध्ये नेहमी सुटते. तुमचे २ टक्के आणि माझे २ टक्के हे एकाच जागचे नसतात. २,७०० हून अधिक भारतीयांच्या जीनोमवर अलीकडे झालेल्या अभ्यासात सगळ्यांचे तुकडे एकत्र मांडले तेव्हा निअँडरथल जीनोमचा जवळपास निम्मा भाग परत मिळाला, आणि डेनिसोवनचा सुमारे पाचवा हिस्सा. निअँडरथल तुकड्यांची विविधताही भारतीयांमध्ये सगळ्यांत जास्त दिसली. हाड न सापडताही!

---

प्रयोगवही

दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो. यात चूक कुठे होते हे कळल्याशिवाय खात्री का वाटते हे कळत नाही.

हाड निवडणं. सगळी हाडं सारखी नसतात. कवटीत आतल्या कानाभोवती असलेलं पेट्रस हाड शरीरातलं सगळ्यात घट्ट हाड. त्यात बऱ्याचदा बरगडीच्या कितीतरी पट डीएनए टिकतो. त्याखालोखाल दाताच्या मुळावरचा सिमेंटमचा थर. पण निअँडरथलचं पेट्रस सहसा कोणी कापू देत नाही, म्हणून मिळेल त्या तुकड्यावर काम चालतं. डेनिसोवा गुहेतली 'डेनी' नावाने ओळखली जाणारी मुलगी अशीच सापडली. दोन हजारांहून अधिक ओळख न पटणाऱ्या हाडांच्या चुऱ्यातून कोलॅजेन या हाडातल्या प्रथिनाच्या चाचणीने मानवी कुळातला एक तुकडा वेगळा काढला गेला, लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. २०१८ साली जीनोम आला तेव्हा आई निअँडरथल आणि वडील डेनिसोवन निघाले.

खोली. आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणजे दार उघडलं की हवा बाहेर जाते, आत येत नाही. हवा गाळलेली. पूर्ण अंगरखा, मास्क, हातमोज्यांचे दोन थर. पृष्ठभाग ब्लीचने पुसायचे, काम नसताना अतिनील दिवे लावायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम माणसांच्या येण्याजाण्याचा: डीएनएच्या प्रती वाढवल्या जातात त्या प्रयोगशाळेत सकाळी पाऊल टाकलं तर त्या दिवशी स्वच्छ खोलीत जायचं नाही. वाढवलेल्या प्रतींच्या एका सूक्ष्म थेंबात अब्जावधी रेणू असतात, आणि हाडाच्या अर्कात आपल्या कामाचे काही हजारच असू शकतात.

भुकटी. हाडाचा बाहेरचा थर खरवडून टाकायचा आणि आतून बारीक ड्रिलने साधारण ५० मिलिग्रॅम भुकटी काढायची. ड्रिलचा वेग कमी ठेवायचा. वेग वाढला की उष्णता वाढते, आणि जळक्या वासाची भुकटी आली की डीएनए गेलाच. माणसाच्या हाताचा अंश फार असेल तर भुकटीला अर्ध्या टक्क्याच्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये थोडा वेळ ठेवतात. बाहेरचा डीएनए कमी होतो, पण आतलाही काही जातो. नमुना दुर्मीळ असेल तर हा सौदा परवडत नाही.

विरघळवणं. १ मिलिलिटर द्रावण: ०.४५ मोलर ईडीटीए, पीएच ८, त्यात प्रोटिनेज के ०.२५ मिलिग्रॅम. ३७ अंशांवर रात्रभर फिरवत ठेवायचं. ईडीटीए हाडातलं कॅल्शियम धरून ठेवतं, प्रोटिनेज प्रथिनं कापतं. इथे नवखे लोक 'जास्त भुकटी, जास्त डीएनए' म्हणून २०० मिलिग्रॅम टाकतात. ५० मिलिग्रॅम हाडात साधारण ०.३५ मिलिमोल कॅल्शियम असतं, आणि १ मिलिलिटर द्रावणातलं ईडीटीए ०.४५ मिलिमोलच धरू शकतं. चौपट भुकटी टाकली की हाड अर्धवटच विरघळतं, आणि वर मातीतली ह्युमिक आम्लं चौपट येतात, जी पुढे पॉलिमरेजला, म्हणजे डीएनएच्या प्रती करणाऱ्या एंझाइमला, कामच करू देत नाहीत.

सिलिकावर बांधणं. विरघळलेल्या अर्काच्या दहा-तेरा पट आकारमानाचं बांधणीचं द्रावण: ५ मोलर ग्वानिडिन हायड्रोक्लोराइड, ४० टक्के आयसोप्रोपॅनॉल, थोडं सोडियम ॲसिटेट, अगदी किंचित ट्वीन. डीएनए सिलिकाला चिकटतो, धुऊन घेतल्यावर ५० मायक्रोलिटरच्या आत उतरवून घ्यायचा. आयसोप्रोपॅनॉलचं प्रमाण आणि द्रावणाचं आकारमान महत्त्वाचं, कारण नेहमीच्या किटमध्ये १०० अक्षरांहून लहान तुकडे धुण्यातच निघून जातात, आणि प्राचीन डीएनएचा जीव असतोच ३० ते ८० अक्षरांचा. २०१३ साली ही कृती आल्यावर ३५ अक्षरांचे तुकडे हाती लागू लागले. स्पेनमधल्या सिमा दे लोस उएसोसच्या ४,३०,००० वर्षांपूर्वीच्या हाडांतून मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा, फक्त आईकडून येणारा छोटा डीएनए) त्याच वर्षी मिळाला.

लायब्ररी, म्हणजे टोकांना जोड लावून यंत्रात वाचण्याजोगा केलेला तुकड्यांचा संच. जुन्या पद्धतीत तुकडा दुपदरी असेल तरच तो पकडला जाई. २०१२ मध्ये डेनिसोवन करंगळीसाठी एकपदरी पद्धत वापरली गेली: तुकडे तापवून दोन पदर सुटे करायचे, प्रत्येक पदराच्या टोकाला बायोटिन लावलेला जोड चिकटवायचा आणि चुंबकीय मण्यांवर पकडून ठेवायचा. एका तुकड्यातून दोन संधी मिळतात, आणि एका पदराला चीर गेलेली असली तरी दुसरा वाया जात नाही. तीसपट खोलीचा, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा वाचलेला, डेनिसोवन जीनोम त्यातूनच आला.

खरेपणाची कसोटी. आता तुमचा मूळ प्रश्न. डीएनए जुना होतो तेव्हा तुकड्याच्या उघड्या टोकांवरच्या सायटोसिन या अक्षरातला अमिनो गट गळतो आणि त्याचा युरॅसिल होतो. वाचणारं यंत्र त्याला थायमिन हे दुसरं अक्षर समजतं. म्हणून खऱ्या प्राचीन तुकड्यांत टोकाला सायटोसिनच्या जागी थायमिन दिसण्याचं प्रमाण फार जास्त असतं आणि टोकापासून आत गेलं की झपाट्याने घसरतं. हाताळणाऱ्याचा ताजा डीएनए आला तर ही उतरंड दिसत नाही. हे नुकसान साठायला मोठा काळ लागतो, म्हणून ते सगळ्यात भरवशाचं लक्षण.

याच्या जोडीला आणखी चाचण्या लावतात. मायटोकॉन्ड्रियाच्या १६,५०० हून थोड्या जास्त अक्षरांत निअँडरथल आपल्यापासून सुमारे २०० ठिकाणी वेगळा आहे. ज्या जागी आजची सगळी माणसं एक अक्षर दाखवतात आणि निअँडरथल दुसरं, तिथे माणसाचं अक्षर किती वेळा आलं ते मोजा, आणि दूषिततेचा टक्का थेट मिळतो. हाड पुरुषाचं असेल तर क्ष गुणसूत्र एकच असतं. तिथे एकाच जागी दोन वेगळी अक्षरं दिसली की दुसऱ्या कोणाचा डीएनए घुसलेला आहे. शिवाय प्रत्येक फेरीत हाड न घालता सगळी द्रावणं चालवलेली एक रिकामी नळी असतेच. त्या नळीत मानवी डीएनए दिसला तर अख्खी फेरी संशयित.

हे सगळं असूनही चूक झालेली आहे. २००६ साली निअँडरथलच्या दहा लाख अक्षरांचा पहिला मोठा संच प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं की त्यात आधुनिक माणसाचा डीएनए बराच मिसळलेला आहे. त्यानंतर निअँडरथल जीनोमवर काम करणाऱ्या, जर्मनीतल्या लाइपझिगच्या गटाने स्वच्छ खोलीतच प्रत्येक तुकड्याला चार अक्षरांची खूण जोडायला सुरुवात केली. खूण नसलेला तुकडा बाहेर कुठेतरी घुसला म्हणून बाद. २०१० च्या मसुद्यात क्रोएशियातल्या विंदिया गुहेतली तीन हाडं होती, आणि अर्कातला ९५ टक्क्यांहून जास्त डीएनए जिवाणूंचा होता. जिवाणूंचा डीएनए जास्त कापणारी एंझाइम वापरून निअँडरथलचा हिस्सा चार ते सहापट वाढवला, तेव्हा कुठे खर्च आवाक्यात आला.

---

कातळशिल्प

मनापासून आभार, दोघांचेही. एक उपप्रश्न. टोकाला नुकसान झालेले तुकडेच खरे मानायचे असतील, तर नुकसान न झालेले खरे प्राचीन तुकडेही फेकले जातात ना? आणि नुकसानामुळे अक्षरच बदललेलं असताना खरं अक्षर कुठलं हे कसं कळतं?

---

प्रयोगवही

फेकले जातात, आणि नमुना वाईट असेल तर ते सोसावं लागतं. दूषितता १ टक्क्याच्या खाली असेल तर सगळे तुकडे वापरतात. ३० टक्के असेल तर फक्त टोकाला नुकसान दाखवणारे ठेवतात आणि तीन-चतुर्थांश माहिती जाते.

दुसऱ्या अडचणीवर युडीजी नावाचं एंझाइम वापरतात. ते युरॅसिल कापून काढतं, त्यामुळे खोटी थायमिन अक्षरं जातात. पण पूर्ण कापलं तर खरेपणाची खूणही पुसली जाते. म्हणून प्रमाण आणि वेळ जुळवून अर्धीच प्रक्रिया करतात: तुकड्याच्या आतलं नुकसान साफ होतं, अगदी शेवटच्या अक्षरावरचं राहतं. मग हिशोब करताना ती टोकाची एक-दोन अक्षरं सोडून द्यायची. अगदी मोजका नमुना असेल तर दोन लायब्ऱ्या करतात, एक खरेपणा तपासायला न साफ केलेली, एक वाचायला साफ केलेली.

आणि वर म्हटलेल्या 'तीसपट खोली'चा अर्थ इथेच कळतो. प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा वाचलेली असेल तर दोन-तीन चुकीची अक्षरं बहुमतात बुडतात. प्रत्येक जागा सरासरी एकदाच वाचली असेल तर तुम्हाला लोकसंख्येचा कल सांगता येतो, पण 'या व्यक्तीत अमुक जनुकाचं अमुक रूप होतं' असं ठामपणे म्हणता येत नाही. बातमी वाचताना आधी हा आकडा शोधा.

तुकडा किती लहान चालतो, हाही उंबरठा आहे. ३०० कोटी अक्षरांत १६-१७ अक्षरांची ओळ गणिताने एकमेव असायला हवी. पण जीनोममध्ये पुनरावृत्ती असते, नुकसानामुळे एक-दोन अक्षरं चुकतात, आणि जिवाणूंचे अब्जावधी तुकडे योगायोगाने कुठेतरी बसतात. म्हणून ३० किंवा ३५ च्या खालचे तुकडे सरसकट टाकून देतात.

---

थर_आणि_काळ

नर्मदा कवटीबद्दल. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनाकिया यांना मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातल्या हाथनोऱ्याजवळ नर्मदेच्या काठी गोट्यांच्या घट्ट थरात ही कवटी मिळाली. मुख्यतः उजवा भाग आणि माथा. जबडा नाही, दात नाहीत. आधी तिला होमो इरेक्टस या आपल्याहून जुन्या मानवजातीचा उपप्रकार मानलं गेलं, पुढे १९९१ मध्ये झालेल्या तपशीलवार मोजणीत ती पुरातन होमो सेपियन्सच्या गटात टाकली गेली. मेंदूच्या आकारमानाचे अंदाजही ११५५ पासून १४२१ घन सेंटिमीटरपर्यंत पसरलेले आहेत, कारण जो भाग नाही तो कल्पनेने पुरा करावा लागतो.

डीएनए न मिळण्याचं पहिलं कारण तापमान. डीएनएची साखळी पाण्याच्या रासायनिक क्रियेने तुटते आणि उष्णतेबरोबर तुटण्याचा वेग झपाट्याने वाढतो. डेनिसोवा गुहेतलं वर्षाचं सरासरी तापमान शून्याच्या जवळ. सिमा दे लोस उएसोस खोल गुहेत असल्याने तिथे बाराही महिने १०-११ अंश. नर्मदेच्या खोऱ्यात सरासरी २५ अंशांच्या आसपास, त्यात दरवर्षी पावसाळ्याचं भिजणं आणि उन्हाळ्याचं वाळणं. वय लाखांत असेल तर अशा ठिकाणी ३० अक्षरांचाही तुकडा उरण्याची आशा धरता येत नाही. उष्ण प्रदेशातल्या इतर नातेवाइकांचंही तेच झालं. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या लिआंग बुआ गुहेतला होमो फ्लोरेसिएन्सिस नर्मदेपेक्षा कितीतरी अलीकडचा, हाडं १,००,००० ते ६०,००० वर्षांपूर्वीची, तरी डीएनए निघाला नाही. फिलिपिन्सच्या होमो लुझोनेन्सिसचंही तसंच.

भारतातली अडचण किती मोठी आहे हे हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळावरून समजतं. ती हाडं साडेचार हजार वर्षांच्या आसपासची, म्हणजे नर्मदेच्या तुलनेत कालपरवाची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या ६१ नमुन्यांपैकी एकाच स्त्रीच्या हाडातून कामापुरता डीएनए मिळाला, तोही त्याच हाडापासून शंभरावर लायब्ऱ्या करून, आणि २०१९ साली तो प्रसिद्ध झाला.

दुसरं कारण थराचं. गोट्यांचा थर नदीने वाहून आणलेला. कवटी जिथे सापडली तिथलीच असेल असं नाही, आणि शेजारी मिळालेली प्राण्यांची हाडं व दगडी हत्यारं तिच्याच काळातली असतील असंही नाही. म्हणून वयाबद्दल एकमत नाही. महाराष्ट्रात कुकडी नदीकाठच्या बोरी इथे असाच पेच आहे. अश्युलियन हत्यारांजवळ (हातकुऱ्हाडींसारख्या जुन्या दगडी हत्यारांजवळ) ज्वालामुखीची राख आहे, पण ती ७४,००० वर्षांपूर्वीच्या टोबा उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुनी, यावर अनेक वर्षं वाद चालू आहे, कारण राखही पाण्याने हलते. याउलट तमिळनाडूतलं अत्तिरमपक्कम. तिथे थर एकावर एक नीट बसलेले असल्याने १५ लाख वर्षांपूर्वीची अश्युलियन हत्यारं आणि ३,८५,००० वर्षांपूर्वीची मध्य पुराश्मयुगीन पद्धत, दोन्हींचं कालमापन उभं राहिलं. फक्त तिथे माणसाचं हाड नाही. हाड आहे तिथे काळ नाही, काळ आहे तिथे हाड नाही, अशी आपली आजची स्थिती आहे.

मार्ग प्रथिनांचा आहे. प्रथिनं डीएनएपेक्षा जास्त टिकतात, आणि दाताच्या इनॅमलमधली सगळ्यात जास्त, कारण ती खनिजाच्या स्फटिकांत बंद असतात. दक्षिण चीनच्या उपोष्ण भागातल्या जायगँटोपिथेकसच्या दातातून १९ लाख वर्षांपूर्वीची प्रथिनं २०१९ साली वाचली गेली आणि हा महाकाय वानर ओरांगउटानचा नातेवाईक असल्याचं ठरलं. त्याच वर्षी तिबेटच्या पठाराच्या कडेवरचा, ३,२८० मीटर उंचीवरच्या गुहेत सापडलेला १,६०,००० वर्षांपूर्वीचा शियाहेचा जबडा दातातल्या कोलॅजेनवरून डेनिसोवन ठरला. त्यात डीएनए उरलाच नव्हता. २०२५ मध्ये तैवानजवळ समुद्रतळातून निघालेला पेंगहूचा जबडाही प्रथिनांवरूनच डेनिसोवन पुरुषाचा ठरला. पुरुष, कारण इनॅमलमधल्या अमेलोजेनिन प्रथिनाचं वाय गुणसूत्रावरचं रूप त्यात मिळालं. त्याच वर्षी चीनमधल्या हार्बिनच्या कवटीच्या दातावर साठलेल्या कीटणातून मायटोकॉन्ड्रियल डीएनए निघाला आणि तीही डेनिसोवन ठरली. दात किती मोलाचे आहेत, बघा. नर्मदेच्या कवटीला दातच नाहीत. हाथनोऱ्याच्या परिसरात उद्या एक दाढ जरी मिळाली, तरी चित्र बदलेल.

मर्यादाही सांगायला हवी. इनॅमलमध्ये मोजकीच प्रथिनं असतात आणि ती मानवकुळात फार बदलत नाहीत. दोन जवळच्या समूहांत फरक करणारी अमिनो आम्लं एक-दोनच सापडतात. डीएनएत लाखो खुणा मिळतात, प्रथिनांत बोटावर मोजण्याएवढ्या.

---

नदीकाठ

चर्चा उत्तम. अनुवंश यांच्या प्रतिसादात दोन भर घालतो.

आफ्रिकेतल्या लोकांमध्ये निअँडरथल भाग शून्य असं गृहीत धरूनच सुरुवातीची मोजणी केलेली होती. २०२० मध्ये वेगळ्या पद्धतीने, म्हणजे तुलनेला आफ्रिकी जीनोम न वापरता मोजलं, तेव्हा आफ्रिकी लोकांमध्येही सरासरी ०.३ टक्के भाग निघाला. त्यातला बराच, युरोप-आशियातून परत आफ्रिकेत गेलेल्या माणसांबरोबर गेलेला. आणि काही भाग उलटा आहे: दोन-अडीच लाख वर्षांपूर्वी आपल्या वंशातल्या माणसांचा डीएनए निअँडरथलमध्ये गेला होता, म्हणून त्यांचे ते तुकडे आपल्या तुकड्यांशी जुळतात. ज्या निअँडरथल पुरुषांचं वाय गुणसूत्र वाचलं गेलंय ते याच जुन्या देवाणघेवाणीतून आलेलं आहे, डेनिसोवनच्या वायपेक्षा आपल्या वायला जास्त जवळचं.

दुसरं, संकर झाला म्हणजे काही अडचणच नव्हती असं नाही. आज एकाही जिवंत माणसात निअँडरथलचा मायटोकॉन्ड्रिया सापडलेला नाही. क्ष गुणसूत्रावर निअँडरथल भाग इतर गुणसूत्रांच्या सुमारे एक-पंचमांश इतकाच आहे. सातव्या गुणसूत्रावर, भाषेशी संबंध जोडलं जाणारं फॉक्सपी२ जनुक जिथे आहे, तिथे लांबच लांब भाग निअँडरथल डीएनएशिवाय कोरडा आहे. म्हणजे तिथे तो आला असला तरी नैसर्गिक निवडीने लवकर काढून टाकला. निअँडरथलांची संख्या पिढ्यान्‌पिढ्या फार लहान होती, त्यामुळे त्यांच्यात किंचित हानिकारक बदल साठलेले होते. मोठ्या लोकसंख्येत आल्यावर ते गाळले गेले.

---

सावली

घरी थुंकी पाठवून करतात त्या डीएनए चाचणीत निअँडरथलचा टक्का देतात. एकाचा जास्त, दुसऱ्याचा कमी, याला काही अर्थ आहे का? आणि कोविड गंभीर होण्याचं जनुक निअँडरथलकडून आलं असं वाचलं, ते कितपत खरं?

---

अनुवंश

टक्क्याला फारसा अर्थ नाही. या चाचण्या अख्खा जीनोम वाचत नाहीत, ठरावीक काही लाख जागा तपासतात. त्यातल्या निअँडरथल खुणा बहुतांशी युरोपीय नमुन्यांवरून निवडलेल्या असतात, त्यामुळे दक्षिण आशियातच टिकलेले तुकडे त्यांना दिसतच नाहीत. १.८ आणि २.१ मधला फरक तर निव्वळ कोणत्या खुणा निवडल्या त्यावर हलतो. डेनिसोवनचा भाग भारतीयांत असतो, पण अगदी थोडा. पापुआ न्यू गिनीत तो ३ ते ५ टक्के. इतक्या कमी खुणांवर आपल्याकडचा भाग मोजायला गेलं की आकडा गोंगाटात हरवतो.

कोविडचं खरं आहे, पण एका जनुकाचं नाही. तिसऱ्या गुणसूत्रावरचा ४९,४०० अक्षरांचा सलग तुकडा. २०२० मध्ये ह्युगो झेबर्ग आणि स्वांते पाबो या संशोधकांनी दाखवलं की तो विंदियाच्या सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीच्या निअँडरथलशी जुळतो. वर सांगितलेला लांबीचा हिशोब इथे लावून पाहा. त्या भागात अदलाबदलीचा दर सरासरीच्या जवळपास निम्मा आहे, म्हणून सामाईक पूर्वजाकडून आला असता तर पाच-सहा हजार अक्षरं सलग राहिली असती. आहेत त्याच्या आठ-नऊपट. म्हणून संकर. दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांकडे याची किमान एक प्रत आहे, युरोपात सुमारे १६ टक्के लोकांकडे, पूर्व आशियात जवळपास नाहीच. गंभीर आजाराची शक्यता यामुळे सुमारे १.६ पट होते. पण ६० वर्षांवरचं वय याहून कितीतरी मोठा धोका आहे, म्हणून हा तुकडा असणाऱ्याने घाबरून काही वेगळं करण्याची गरज नाही.

उलट बाजूही आहे. बाराव्या गुणसूत्रावरचा सुमारे ७५,००० अक्षरांचा निअँडरथल तुकडा गंभीर कोविडचा धोका जवळपास २२ टक्क्यांनी कमी करतो. एकाच माणसात दोन्ही असू शकतात. आणि तिबेटी लोकांना उंचीवर विरळ हवेत तग धरायला मदत करणारं ईपास१ जनुकाचं रूप डेनिसोवनकडून आलं, हे २०१४ पासून माहीत आहे.

---

थर_आणि_काळ

आणखी एक, उत्खननाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. जुनं हाड किंवा दात दिसला तर हातमोजे आणि मास्क घालूनच हात लावा. पाण्याने धुऊ नका, ब्रशने घासू नका, फेविकॉल किंवा वॉर्निश तर अजिबात नको. पाणी हाडाच्या छिद्रांतून आत जाऊन उरलासुरला डीएनए बाहेर आणतं आणि बाहेरचा आत नेतं. ज्या मातीत मिळालं तिचाही मूठभर नमुना वेगळ्या पुडीत घ्या. २०१७ पासून गुहेतल्या मातीतूनही निअँडरथल आणि डेनिसोवनचा डीएनए निघतो आहे, आणि हाडाच्या अर्कात जिवाणू कोणते हे ओळखायलाही ती माती लागते. हाड ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून कागदी पाकिटात, उन्हापासून दूर. हवाबंद प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि बुरशी येते. हलवण्याआधी पट्टी ठेवून फोटो, थराची खोली आणि दिशा नोंदवा. आपण विद्यार्थी असाल तर उचलण्याआधी उत्खननप्रमुखांना बोलवा, आणि फिरताना सहज सापडलं असेल तर हाड जागेवरच ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवा.